डोईवरचा हक्क (७) : अंकुशनगरची जट, पोलंडची वेणी

मागे सुरू केलेल्या, केसांवरच्या टेक्सासच्या खटल्याचा उरलेला भाग या आठवड्यात यायचा होता. तो एक हप्ता पुढे गेला आहे, कारण अंकुशनगरहून आलेल्या एका पत्राला आधी उत्तर द्यायला हवं.

अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यातलं समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाव. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात आणि जवळपासच्या शाळांत नवी मुलं येऊन बसतात. पत्र लिहिणाऱ्या शिक्षिकेच्या वर्गात गेल्या हंगामात अशीच एक मुलगी आली. डोक्यावर मनगटाएवढी जाड जट. तिच्या शेजारी कुणी बसेना. कुणी म्हणे वास येतो, कुणी म्हणे हिच्या अंगात येतं. महिन्याभरात ती यायची थांबली. बाई विचारतात : न्यू जर्सीत लॉक्स कापायला लावलेल्या त्या कृष्णवर्णीय कुस्तीगीर पोरासारखीच हिची गोष्ट आहे का? आणि असेल, तर 'जट काप' म्हणणं चूक ठरतं का?

आधी फरक. कृष्णवर्णीय मुलांचे लॉक्स म्हणजे दुर्लक्षाने झालेला गुंता नव्हे. दाट, कुरळे केस मुद्दाम पीळ देऊन बांधायचे, धुवायचे, वाढतील तसे मुळाशी पुन्हा वळायचे, असं ते जोपासलेलं काम असतं. ते केस निरोगी असतात. त्यांना 'अस्वच्छ' म्हणणारी नजरच तिथे आजारी असते.

जटेचं तसं नाही. पहाटे फडात जायचं, पाणी लांबून आणायचं, न्हाण आठ-आठ दिवस नाही. आईला वेणी घालायला उसंत नाही. केसात धूळ, घाम, उवा. एक दिवस फणी अडकते. हा गुंता त्याच दिवशी तेल लावून हळूहळू सुटला असता. पण कुणीतरी म्हणतं, 'देवीची जट आली.' मग फणी बंद, तेल बंद. वरून हळद-कुंकू, भंडारा. जट घट्ट होते, वाढते, मान दुखायला लागते, खाली जखमा होतात. आणि कापायची म्हटलं तर देवीचा कोप होईल, घरात कुणीतरी जाईल, ही भीती. पूर्वी अशा कित्येक मुलींची पुढची वाट सौंदत्तीच्या यल्लमाकडे जायची. जट हेच देवीचं बोलावणं मानून पोर देवीला सोडली जायची. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला 1934 मध्ये. गुंत्याची भीती मात्र कायद्याने सुटत नाही.

वैद्यकात या गुंत्याला 'प्लिका पोलोनिका' म्हणतात, म्हणजे 'पोलंडची वेणी'. मराठी मुलीच्या डोक्यावरच्या जटेला पोलंडचं नाव कसं? कारण तिथेही हेच होतं. तिथल्या भाषेत तो 'कोलटुन'. अंगातला आजार केसांवाटे बाहेर पडतो, कोलटुन कापला तर माणूस आंधळा होईल किंवा त्याला वेड लागेल, अशी पक्की समजूत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला क्राकूवचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी ही समजूत खोटी ठरवली. हा रोग नाही, नुसता न विंचरलेला गुंता आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे हेच डिट्ल क्राकूवचे महापौर झाले. पण त्यांनी सुचवलेले उपाय वाचताना थबकायला होतं. कोलटुनवाल्यांची मोजणी करा, त्यांना धर्मादाय मदत देऊ नका, शाळांमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये येऊ देऊ नका, दंड करा. निदान अगदी बरोबर होतं. पण ज्याच्या घरी फणी फिरवायला वेळ नाही, त्याच्याच पोराला शाळेचं दार बंद. अंकुशनगरच्या वर्गात कुणी नियम केला नव्हता, तरी शेवट तोच झाला.

आपल्याकडे याहून वेगळी वाट आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जटा सोडवतात. पुण्याच्या नंदिनी जाधव पूर्वी ब्युटी पार्लर चालवायच्या. त्यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा काढल्या आहेत. यात कात्रीचं काम थोडं, बोलण्याचं फार. बाईशी बोलायचं, सासूशी बोलायचं, नवऱ्याची भीती ऐकून घ्यायची, लागल्या तर चार खेपा घालायच्या. ती स्वतः हो म्हणाली की मगच कात्री.

आता न्यू जर्सी आठवा. 19 डिसेंबर 2018, ब्यूना गावच्या शाळेचा सोळा वर्षांचा मल्ल. पंच म्हणाले, लॉक्स काप नाहीतर सामना सोड. मॅटच्या कडेला, सगळ्यांदेखत कात्री चालली. पोरगा सामना जिंकला, आणि त्याचा पडलेला चेहरा जगाने पाहिला. पुढे त्या पंचांवर दोन वर्षांची बंदी आली.

बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच असं : केस वेगळे, पण दोन्ही पोरांच्या डोक्याचा निर्णय दुसऱ्यांनीच घेतला. तिथे पंचाने कापायला लावलं, इथे देवीच्या भीतीने कापू दिलं नाही. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : जट काढायला सांगणं चूक नाही, पण ती शाळेत बसण्याची अट करणं चूक आहे. आधी मुलगी वर्गात, तिच्या शेजारी कुणीतरी बसलेलं. मग आईशी बोलणं, समितीच्या कार्यकर्त्यांना बोलावणं. कात्री सगळ्यात शेवटी.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तशी त्या मुलीची टोळी गावी परतली. बाईंनी मुकादमाकडून तिच्या गावाचं नाव मिळवलं आहे आणि तिथल्या शाळेला पत्र टाकलं आहे. उत्तर आलं की याच जागी कळेल. टेक्सास पुढच्या आठवड्यात.