जुळे देणारी मेंढी : गुण रक्ताचा, जोड चाऱ्याची



उसाचे बेणे घेताना आपण वाण विचारतो, डोळा पाहतो. मेंढीच्या बाबतीत मात्र ‘व्याल्यावर कळेल’ म्हणून सोडून देतो. पुष्कळ सभासदांच्या घरी उसाच्या जोडीला दहा-पाच मेंढरं असतात, म्हणून हा विषय आम्ही आज घेत आहोत.

आपली दख्खनी मेंढी काटक खरी, पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातील गारोल मेंढी जेमतेम 10 ते 15 किलोची. तिला मात्र जुळी होणे नेहमीचेच. हा फरक कशाने पडतो, त्याचा छडा 2001 साली लागला. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो जातीच्या मेंढ्याही अशाच जुळी-तिळी देणाऱ्या. त्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एकच अक्षर बदललेले आढळले. मेंढीचा सगळा जनुकसंच अडीचशे कोटींहून अधिक अक्षरांचा, त्यातले हे एक! त्यामुळे एका माजाला एकाऐवजी दोन-तीन बीजे सुटतात. या गुणाला ‘फेक-बी’ म्हणतात. गारोलमध्येही तोच निघाला. 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिकडचा गुण त्यांच्यातूनच आला, असे मानतात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990 च्या दशकापासून संकर करून हा गुण दख्खनीत उतरवला आणि अंगकाठी दख्खनीचीच राखली. तीच ‘नारी सुवर्णा’. मेंढा काही वीत नाही. त्याचा गुण पूर्वी त्याच्या लेकी व्याल्यावरच कळे. आता थोड्याशा रक्तावरून डीएनए तपासणीने आधीच कळतो.

आता व्यवहाराचे बोलू. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही प्रतींत गुण असलेला मेंढा साध्या दख्खनी मेंढ्यांना दिला, तर सगळ्या कोकरांत एक-एक प्रत उतरते. मेंढीला ही एक प्रत पुरे. तोच मेंढा पुढे त्याच्याच लेकींना लागला, तर निम्म्या कोकरांत दोन-दोन प्रती येतात. अशा मेंढीला तिळी होऊ लागतात. सड दोनच, कोकरे अशक्त निपजतात आणि दगावतात. म्हणून लेकी माजावर यायच्या आत मेंढा बदलावा. घरचा गोऱ्हा जसा वळूसाठी ठेवू नये, तसेच हे.

दुसरे असे की, जुळे पोसायला मेंढीला गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात व व्याल्यावर जादा चारा, थोडा खुराक लागतो. रोज कोसभर चालणाऱ्या कळपात दुबळे कोकरू मागे राहते. नुसता मेंढा आणला आणि चारा नाही, तर दोन कोकरांऐवजी एकही हाती लागायचे नाही.

विहिरीचे पाणी पाहून आपण लागण करतो. तसाच चारा पाहून मेंढा आणावा आणि आणताना तपासणीचा दाखला मागून घ्यावा, ही सभासदांना आग्रहाची विनंती.