दवाही हवी, दुआही हवी

माणूस आजारी पडतो तेव्हा त्याचं पोट दुखतं, डोकं दुखतं, गुडघा दुखतो. मन दुखतं तेव्हा मात्र नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळत नाही. झोप उडते, जेवण जात नाही, कामात लक्ष लागत नाही. घरची माणसं म्हणतात, 'आळशी झालाय.' कुणी म्हणतं, 'नजर लागली.' कुणी म्हणतं, 'लग्न करून द्या, सुधारेल.'

आमच्या पनवेलच्या मोहल्ल्यातल्या एका आईनं मला विचारलं होतं, "भाईजान, पोराला दर्ग्यावर न्यावं की डॉक्टरकडे?" मी कवी आहे, डॉक्टर नाही. तरीही मी म्हटलं, "दुआ जरूर मागा, पण डॉक्टरची वेळ आजच घ्या." दोन्हींत भांडण लावायची गरजच नाही. दुआनं घरच्यांना धीर येतो. मात्र दुआसाठी दवा थांबवली, तर आजार बळावतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट 2001 मध्ये दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या 25हून अधिक मनोरुग्णांना पळताही आलं नाही. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला असं साखळीनं बांधायला साफ मनाई केली आहे.

मग समग्र उपचार म्हणजे काय? अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी 1977 मध्ये मांडलं की, आजार समजून घ्यायचा तर शरीर, मन आणि समाज या तिन्हींकडे एकत्र पाहायला हवं. आपल्या भाषेत सांगायचं तर माणूस तुकड्यातुकड्यांनी बघू नये. उदासी थायरॉइडच्या कमतरतेमुळे असू शकते, म्हणून आधी रक्ततपासणी. मेंदूतील रसायनांचा तोल साधण्यासाठी लागली तर गोळी. ती मनोविकारतज्ज्ञ देतात. विचारांची गाठ सोडवायला मानसशास्त्रज्ञाशी संवाद. आणि ज्या घरात परत जायचं, त्या घराशीही बोलणं.

विचारांची गाठ कशी सुटते? अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं सूत्र सोपं आहे. नोकरी गेली ही घटना. 'आता मी कवडीमोलाचा झालो' हा आपण लावलेला अर्थ. खचून जाणं हा परिणाम. घटना बदलता येत नसली तरी अर्थ तपासता येतो. 'नोकरी गेली, वाईट झालं, पण माझी किंमत नोकरीएवढीच नाही,' असं पटलं की दुःख उरतं, पण माणूस उभा राहतो.

हे सारं एका छताखाली आणण्याचं काम पनवेलपासून फार दूर नसलेल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थनं 1990 पासून केलं आहे. पुण्याचं मुक्तांगण 1986 मध्ये सुरू झालं. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोचं, आईचंही तिथं ऐकलं जातं. आमच्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतला डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आसरा, अन्न आणि औषध देते. रुग्णाला आपलं गाव आठवलं की संस्थेची माणसं त्याला घरी पोहोचवतात. भरत वाटवानींना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधानं भ्रम ओसरतो. पण दारात उभी असलेली आई ओळखली की माणूस खऱ्या अर्थानं परततो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'समग्र' शब्द वापरून कुणी चालू गोळ्या एकदम बंद करायला सांगत असेल, तर ऐकू नका. योग, नमाज, ध्यान, गाणं, बागकाम यांची सोबत असू द्या. औषध कमी करायचं की नाही, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

आणि कुठं जायचं हेच सुचत नसेल, तर 14416 हा क्रमांक लिहून ठेवा. 2022 मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही सरकारची मोफत सेवा आहे. दिवसरात्र चालते आणि तिथं मराठीतही बोलता येतं. फोन लावताना लाज वाटली, तर एवढंच आठवा: ताप आल्यावर आपण कधी लाजलो होतो का?