अंगणातली भाजी, अंगातले रक्त

गेल्या वर्षी जुलै महिन्यात सुनेला तिसरा महिना लागला. तपासणीला मी तिच्यासोबत गेले होते. हिमोग्लोबिन आले ८.९. सिस्टरांनी लोहाच्या गोळ्या हातात दिल्या आणि सहज विचारले, "घरात पालेभाजी किती वेळा होते?" सून माझ्याकडे बघू लागली. मीच खालच्या आवाजात सांगितले, "बाजाराच्या दिवशी."

आमच्या कट्ट्यात हीच गोष्ट घरोघरी आहे. भात, माशाची कढी, नाहीतर कुळथाची पिठी. भाजी बाजारातून येईल तेव्हा. ती भाजीही बरीचशी बेळगाव-कोल्हापूरकडून घाट उतरून आलेली. पावसात दर चढले की जुडीला हात लावायचा धीर होत नाही. आणि जी काही भाजी होते तिचा पहिला वाढा पुरुषांना, मग मुलांना. बाई टोपाच्या तळाशी उरेल ते खाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. आपले घर या आकड्याबाहेर आहे असे कोणी समजू नये.

"घरीच भाजी लावू या," असे मुलगा म्हणाला तेव्हा मला हसू आले. जमीन आहे कुठे? आजोबांपासून शेती दुसऱ्याची आणि घाम आपला. आपल्या वाट्याला घर आणि पुढचे खळे, त्याच्याखाली जांभ्याचा कातळ. पण वर्षभरात कळले की भाजीला सातबारा लागत नाही. चार गोण्या आणि पाच-सहा तास ऊन लागते.

पहिली चूक

पहिल्यांदा आम्ही घाईच केली. जुलैच्या मध्यावर माठ, मेथी, टोमॅटो असे सगळे बी एकाच दिवशी उघड्यावर टाकले, तेही बोटभर खोल. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, बहुतेक चार महिन्यांत. दोन दिवसांत माती वाहून गेली, उरलेले बी कुजले. शेजारची काकी कुंपणापलीकडून म्हणाली, "गो बाय, बी खोल पुरू नको. पाऊस पडलो की कुसतला." तिच्या या एका वाक्याने आमची शाळा सुरू झाली.

गोणी कशी भरावी

सिमेंटची किंवा खताची रिकामी गोणी स्वच्छ धुऊन घ्यावी. कीटकनाशकाचे डबे-पिशव्या मात्र कितीही धुतल्या तरी वापरू नयेत. तळाला सात-आठ भोके पाडावीत. खाली नारळाच्या सोडणांचे तुकडे घालावेत, म्हणजे पाणी साचत नाही. वर दोन भाग माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत. ताज्या शेणाने मुळे जळतात. आपली जांभ्याची माती आंबट असते, म्हणून चुलीची मूठभर राख मिसळावी. थोडी जागा असेल तर वीतभर उंच गादीवाफा करावा; पाणी निथळते.

माठाचे बी फार बारीक. ते मूठभर कोरड्या मातीत मिसळून भुरभुरावे आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. मुंग्या बी पळवतात, म्हणून कडेने राख टाकावी. पावसाचे दिवस असतील तर वर प्लास्टिकचा उतरता आडोसा करावा. आम्ही ऑगस्टमध्ये असे केले आणि महिन्याच्या आत पहिली तांबडी भाजी टोपात पडली.

काय, केव्हा

पावसाच्या सुरुवातीला: भेंडी, दोडका, पडवळ, कारले, तवसे, भोपळा. वेलांना मांडव हवा. नाहीतर छपरावर चढवावे.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून: लाल माठ, मुळा, वाल, चवळी. वांगी, मिरची आणि टोमॅटो यांची आधी रोपे करून मग लावावीत.

एकदा लावले की वर्षानुवर्षे: शेवगा, अळू, कढीपत्ता. आपण ज्याला शेगल म्हणतो त्या शेवग्याचा पाला फुकटचे टॉनिक आहे.

नवख्याने पहिल्या वर्षी तीनच गोष्टी लावाव्यात: माठ, भेंडी, चवळी. माठ महिन्याभरात, भेंडी दीड महिन्यात हाती येते, त्यामुळे उमेद टिकते. माठाच्या दोन गोण्या असतील तर पंधरा दिवसांच्या अंतराने पेराव्यात, म्हणजे एक संपता संपता दुसरी तयार होते.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आपल्या हवामानासाठी वाण काढलेले आहेत: चवळीचा कोकण सदाबहार, कारल्याचा कोकण तारा, दोडक्याचा कोकण हरिता, माठाचा कोकण दुरंगी. आपल्याच तालुक्यात किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे जाऊन बियाण्याची व रोगांची चौकशी करावी. बचत गटाच्या भगिनींनी 'उमेद' अभियानातून पोषण परसबागेबद्दल विचारावे.

अळ्या सकाळी हाताने वेचाव्यात. कारल्याची कोवळी फळे कागदात गुंडाळली तर फळमाशी बसत नाही. माकडांचा त्रास मोठा आहे. आमची भेंडी अर्धी त्यांनीच खाल्ली. कारले, मिरची आणि अळू यांच्या वाटेला ती सहसा जात नाहीत. मार्चनंतर विहिरी आटतात तेव्हा तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी गोण्यांना घालावे.

ताटात कशी घ्यावी

बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि गरोदर बाईला २७ मिलिग्रॅम लोह लागते, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे प्रमाण आहे. नुसत्या पालेभाजीने ते भरून निघत नाही, कारण पाल्यातले लोह शरीर कमीच शोषते. म्हणून भाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवणानंतर पेरू-आवळा खावा. क जीवनसत्त्वाने शोषण वाढते. जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. भाजी चिरण्याआधी धुवावी, चिरल्यावर नाही. लोखंडी कढई असेल तर तीच वापरावी. मासळी-मटणातले लोह लवकर अंगी लागते, तेव्हा माशाची तुकडीही बाईच्या ताटात पडली पाहिजे.

आणि भाजी म्हणजे औषध नव्हे. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन कितीही असले तरी लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. शौचाला काळी झाली म्हणून त्या बंद करू नयेत.

मातीत उतरताना

अनवाणी जाऊ नये. ओल्या मातीतल्या हुककृमीच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. म्हणजे भाजीने कमावायचे ते कृमीने गमवायचे. पावसात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो; आपल्या जिल्ह्याला तो नवा नाही. गमबूट घालावेत, जखम झाकावी. ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर बाईने हातमोज्याशिवाय मातीत हात घालू नये, मांजराच्या विष्ठेतूनही गर्भाला अपाय होतो. गोण्या आणि चिरे दाराशी रचून ठेवू नयेत, त्यात फुरसे दडते. सर्पदंश झाला तर बांधाबांध, कापाकापी न करता थेट रुग्णालय.

नोव्हेंबरमध्ये सुनेचे हिमोग्लोबिन १०.६ झाले. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा, भाजीचाही आहे. पण घरात आणखी एक बदल झाला. भाजी रोजची झाल्यावर ती वाटणीत संपेना, आणि मुलगा स्वतः बायकोच्या ताटात आधी वाढू लागला. जानेवारीत नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण गावठी बियाणे जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्यांच्यापासून आम्ही एक सवय उचलली. पहिली चांगली भेंडी आणि चवळीची शेंग तोडायची नाही, वेलीवरच वाळू द्यायची. ते बी राखेत घोळून बाटलीत ठेवले आहे. यंदा वाडीतल्या सहा घरांना त्यातले मूठ मूठ दिले. काकीला दिले तेव्हा ती बियाण्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "खोल पुरू नको हां."