मुक्काम पोस्ट परदेशी विमानतळ

२ एप्रिल २०२५ रोजी लंडनहून मुंबईकडे निघालेले व्हर्जिन अटलांटिकचे विमान एका प्रवाशाची प्रकृती बिघडल्यामुळे तुर्कस्तानातल्या दियारबाकिर इथे उतरवावे लागले. उतरल्यावर विमानातच तांत्रिक बिघाड निघाला आणि अडीचशेच्या आसपास माणसे, त्यांत पुष्कळसे भारतीय, तिथेच अडकली. मुंबईकडे प्रस्थान झाले ते ४ एप्रिलला. दियारबाकिर हे काही आडगाव नव्हे. टायग्रिसकाठच्या या शहराला काळ्या बसाल्ट दगडाचा सुमारे सहा किलोमीटरचा प्राचीन तट आहे. पंचवटीतले काळाराम मंदिर डोळ्यांसमोर असलेल्या नाशिककराला तो दगड ओळखीचा वाटावा. २०१५ मध्ये युनेस्कोने या तटाला जागतिक वारशाचा मान दिला. प्रवाशांचे सुरुवातीचे कित्येक तास मात्र विमानतळाच्या इमारतीतच गेले.

शहर हाकेच्या अंतरावर, आणि बाहेर पडता येत नाही. परदेशातल्या अचानक मुक्कामाचे खरे दुखणे हेच.

१ डिसेंबर २०२४ ला कुवेतमध्ये ते आणखी स्पष्ट दिसले. बहारीनहून मँचेस्टरला जाणारे गल्फ एअरचे विमान बिघाडामुळे तिथे उतरले. ज्या देशांच्या नागरिकांना कुवेतमध्ये पोचल्यावर व्हिसा मिळतो, त्यांची हॉटेलात सोय होऊ शकली. भारतीय पासपोर्टवर ती सवलत नव्हती, त्यामुळे भारतीय प्रवाशांना जवळपास वीस तास विमानतळावर काढावे लागले. भारतीय दूतावासाचे अधिकारी पोचल्यावर त्यांना लाउंजमध्ये बसण्याची सोय झाली.

नाशिकमध्ये हा विषय दूरचा राहिलेला नाही. गंगापूर रोड, इंदिरानगर, कॉलेज रोड इथल्या कितीतरी घरांतले आईवडील मुलांकडे अमेरिकेला जातात. कसारा घाट उतरून मुंबई, तिथून आखाती देश, इस्तंबूल किंवा सिंगापूर, आणि मग पुढचे विमान. वाटेत पुढचे विमान चुकले किंवा रद्द झाले तर काय, याचा विचार सहसा निघताना होत नाही. तो व्हायला हवा. कारण याच आईवडिलांच्या पासपोर्टवर बहुधा एक मोठी किल्ली चिकटवलेली असते. ती म्हणजे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा.

या व्हिसाचा उपयोग अमेरिकेपुरताच नाही. तो चालू असेल तर भारतीय प्रवाशाला तिसऱ्या देशात जाता-येता सिंगापूरमध्ये ठरावीक अटींवर ९६ तासांपर्यंत व्हिसाविना राहता येते. तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळू शकतो. संयुक्त अरब अमिरातीत, व्हिसाची मुदत सहा महिने तरी शिल्लक असेल तर, शुल्क भरून पोचल्यावर १४ दिवसांचा व्हिसा मिळतो. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढतानाच त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते वाचून घ्यावेत आणि आईबाबांना कागदावर मराठीत लिहून द्यावेत. रात्री दोन वाजता अनोळखी काउंटरवर तो कागद बळ देतो.

सिंगापूरचे उदाहरण सविस्तर बघण्यासारखे आहे. तिथल्या चांगी विमानतळाला लागून २०१९ मध्ये उघडलेल्या ‘ज्वेल’ या संकुलातला चाळीस मीटर उंचीचा धबधबा फोटोत सर्वांनी पाहिलेला असतो. पण ज्वेल इमिग्रेशनच्या पलीकडे आहे. देशात प्रवेश मिळाला तरच तो दिसतो. साडेपाच ते चोवीस तासांचा थांबा असलेल्या प्रवाशांसाठी चांगी विमानतळावर मोफत शहरफेरी असते, तिलाही हीच अट. स्वतःच्या हिमतीवर जायचे तर मेट्रोने एक्स्पो स्थानकापर्यंत यावे आणि तिथे डाउनटाउन लाइन पकडून लिटल इंडिया गाठावे. सेरंगून रोडवर १९४७ पासून चालत आलेले कोमला विलास हे शाकाहारी उपाहारगृह आहे. दोन दिवस विमानातले जेवण जेवलेल्या माणसाला तिथला डोसा फार मोठा आधार वाटेल.

इस्तंबूलमध्येही सहा ते चोवीस तास थांबणाऱ्या आपल्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांना टर्किश एअरलाइन्स मोफत शहर दाखवते. इसवी सन ५३७ मध्ये उभी राहिलेली आयासोफिया त्या निमित्ताने पाहता येते. विमानतळ मात्र शहरापासून चांगलाच लांब आहे.

म्हणून बाहेर पडण्याआधी हिशेब करावा. आठ तास मिळाले आहेत असे वाटते. त्यातला एक तास इमिग्रेशनच्या रांगेत जातो, दोन तास जाण्यायेण्यात, आणि सुटण्याच्या तीन तास आधी परत हजर राहायचे असते. हातात उरतात दोन तास. त्यात एकच जागा नीट पाहावी. सहा तासांहून कमी वेळ असेल तर विमानतळ सोडूच नये. गुडघे दुखणाऱ्या, व्हीलचेअरवर असलेल्या ज्येष्ठांनी तर पाय सोडून आडवे होण्याची जागा आधी शोधावी. त्यांच्यासाठी तीन तासांची झोप ही कुठल्याही प्रेक्षणीय स्थळापेक्षा मोलाची आहे. औषधे, चार्जर, एक जादा कपडा आणि चिवड्याचा पुडा हातातल्या बॅगेतच हवा, कारण मोठ्या बॅगा बऱ्याचदा विमान कंपनीच्याच ताब्यात राहतात.

हक्काचेही माहीत असावे. युरोपीय संघाचा २००४ चा नियम क्रमांक २६१ आणि त्यावर आधारित ब्रिटनचा कायदा, दोन्हींनुसार तिथून सुटणारे विमान फार रखडले तर जेवण आणि गरज पडल्यास रात्रीचे हॉटेल देणे कंपनीला बंधनकारक आहे, मग विमान कोणत्याही देशाचे असो. हवामानासारख्या कारणामुळे नुकसानभरपाई नाकारता येते, जेवण आणि निवारा नाही. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमात चोवीस तासांहून अधिक विलंबाला, आणि रात्री आठ ते पहाटे तीनदरम्यान सुटणारे विमान सहा तासांहून अधिक रखडल्यास, हॉटेलची तरतूद आहे. हे मागावे लागते. काउंटरवर शांतपणे, लेखी मागावे, पावत्या जपाव्यात आणि अडचण वाढली तर त्या देशातल्या भारतीय दूतावासाला फोन करावा. तो क्रमांक मुंबईला निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये आणि त्या मराठी कागदावर, दोन्हीकडे लिहिलेला असावा.