पाइपात अजून एक वायर बसेल का?

गेल्या उन्हाळ्यात अब्बांच्या खोलीत एसी बसवला. वायरमनने जुन्याच पाइपातून नवी लाइन ओढायला घेतली. बेंडजवळ वायर अडली, साबणाचे पाणी लावले, दोघांनी मिळून ताणली. "सर, अर्धा पाइप रिकामा आहे," तो म्हणाला. आम्हालाही तसेच वाटले. दीड महिन्याने रात्री जंक्शन बॉक्समधून जळका वास आला. मेन स्विच पाडला आणि सकाळी वायर बाहेर काढली, तर बेंडच्या जागी तिचे प्लास्टिक सोलले होते आणि शेजारच्या दोन वायरी काळ्या पडल्या होत्या. एमसीबी पडला नव्हता. पडणार कसा? करंट मर्यादेतच होता. पाइपात कोंडली होती ती उष्णता.

मग वही घेऊन बसलो. हिशेब शाळेतलाच आहे, वर्तुळाचे क्षेत्रफळ. आमच्या २० एमएम पाइपाचा आतला व्यास १७ एमएम भरला (२० हे बाहेरचे माप, इथेच पुष्कळ जण फसतात). त्रिज्या ८.५, म्हणून क्षेत्रफळ सुमारे २२७ चौरस एमएम. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये तीन किंवा जास्त वायरींनी पाइपाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग भरू नये असा नियम आहे. आपल्याकडे वायरिंगसाठी आयएस ७३२ ही संहिता आहे. पण घरच्या घरी पडताळायला ४० टक्के सोपे. म्हणजे आम्हाला ९१ चौरस एमएम मिळाले.

आता वायर. दीडची, अडीचची असे आपण म्हणतो ते आतल्या तांब्याचे माप. जागा अडवते ती प्लास्टिकसकट जाडी. ती मोजली तर दीडची ३ एमएम, अडीचची ३.६, चारची ४.१. क्षेत्रफळ अनुक्रमे सुमारे ७, १० आणि १३. पाइपात आधी दीडच्या सहा आणि अडीचच्या तीन होत्या. बेचाळीस आणि तीस, बहात्तर. इथवर ठीक. एसीसाठी चारच्या दोन आणि अर्थिंगची अडीचची एक, म्हणजे आणखी ३६. एकूण १०८. निम्म्याहून जास्त पाइप रिकामाच दिसत होता, म्हणून वायरमनचे चुकले असे डोळ्यांना कळले नाही.

रिकामी जागा हवी ती दोन कारणांनी. वायर ओढताना घासू नये, आणि तापलेल्या वायरीची उष्णता बाहेर जावी. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. शिवाय एकत्र बांधलेल्या वायरी एकमेकींना तापवतात, त्यामुळे प्रत्येकीची करंट वाहण्याची ताकद घटते. ४० टक्क्यांत बसले तरी ही घट वेगळी धरावी लागते. बेंडचेही तसेच. त्याच अमेरिकी नियमात दोन बॉक्समध्ये काटकोनाचे चारपेक्षा जास्त बेंड चालत नाहीत. आमच्या भिंतीत पाच निघाले!

२५ एमएम पाइपाचा आतला व्यास २१.५ धरला तर ४० टक्के म्हणजे सुमारे १४५. त्यात १०८ आरामात मावले असते. पण आम्ही एसीची लाइन स्वतंत्र पाइपातच घेतली, परवानाधारक वायरमनकडून, मध्ये एक बॉक्स वाढवून. खर्च वाढला. भिंतीत नवी झिरी मारावी लागली, आणि तिच्यावर रंग कधी लावणार, हे अम्मी अजून विचारतात.