घर रिकामे करताना : पुनर्विकासाआधीची आवराआवर

ठाण्याचा नौपाडा, डोंबिवलीतील टिळकनगर व रामनगर, कल्याणचा जुना भाग या वस्त्यांमधील तीन-चार मजली इमारती पुनर्विकासासाठी एकामागून एक रिकाम्या होत आहेत. ज्या घराची अनेक वर्षे वाट पाहिली ते आता मिळणार, याचा आनंद रहिवाशांना असतोच. पण करारावर सह्या झाल्या, सोसायटीच्या फलकावर घर सोडण्याची तारीख लागली, की एक वेगळीच धास्ती सुरू होते. चाळीस वर्षांचा संसार महिना-दीड महिन्यात आवरायचा असतो. तो बहुधा आताच्या घराहून लहान अशा भाड्याच्या घरात न्यायचा असतो आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा हलवायचा असतो. माळ्यावर काय आहे हे घरातल्या कोणालाच नेमके ठाऊक नसते.

हा पसारा आळसातून जमलेला नसतो. गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींतून जी मराठी कुटुंबे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या आधाराने ठाण्यापलीकडे आली, त्यांनी एकेक वस्तू पैसे साठवून घेतली होती. दोन खोल्यांत जागा पुरेना म्हणून माळा भरला, पलंगाखाली पेट्या गेल्या, पाहुण्यांसाठी गाद्या राहिल्या. टंचाईच्या काळात ‘लागेल कधीतरी’ हे शहाणपणाचेच वाक्य होते. काळ बदलला, ते वाक्य मात्र राहिले. थोडक्यात, अडगळ म्हणजे पुढे ढकललेला निर्णय. घर सोडण्याची नोटीस आली की असे शेकडो निर्णय एकाच वेळी समोर उभे राहतात, आणि मग दोनच गोष्टी घडतात : सगळेच बांधून नेले जाते किंवा घाईत सगळेच फेकले जाते. दोन्हींत नुकसान आहे.

बाहेरचे धडे, इथला क्रम

घर आवरण्याचे शास्त्र जगभर लोकप्रिय केले ते जपानच्या मारी कोन्दो यांनी. त्यांनी घालून दिलेला क्रम असा : आधी कपडे, मग पुस्तके, मग कागद, मग किरकोळ वस्तू आणि सर्वांत शेवटी आठवणींच्या वस्तू. स्वीडनच्या मार्गारेता मॅग्नुसन यांनी २०१७ मध्ये आणखी स्पष्ट विचार मांडला : आपल्या माघारी आपल्या सामानाचे ओझे मुलांवर पडू नये, म्हणून उतारवयात माणसाने स्वतःच्या हाताने घर हलके करावे. छायाचित्रे आणि पत्रे यांपासून सुरुवात करू नये, असे त्याही सांगतात. एकदा त्यांत मन गुंतले की काम थांबते.

हे दोन्ही धडे उपयोगाचे आहेत. मात्र पुनर्विकासाला निघालेल्या घरात कोन्दो यांच्या क्रमात एक बदल अपरिहार्य ठरतो. येथे कागद पहिले. कपडे चुकून टाकले तर पुन्हा घेता येतात. मूळ करार रद्दीत गेला तर नव्या घराचा हक्क सिद्ध करताना दमछाक होते.

आधी कागद

घरातील प्रत्येक पिशवी, फाइल, ट्रंक आणि देवघरामागचा कप्पा उघडून सर्व कागद एका जागी आणावेत. पहिला गठ्ठा घराचा : मूळ खरेदीकरार, घर आधी दुसऱ्याचे असल्यास त्या वेळेपासूनचे साखळी करार, नोंदणीची पावती, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, नामनिर्देशनाची प्रत, मालमत्ता कराच्या आणि देखभाल खर्चाच्या पावत्या. विकासकाबरोबर होणारा पर्यायी कायमस्वरूपी निवासाचा करार प्रत्येक सभासदाच्या नावाने होतो. वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी भागप्रमाणपत्रावर त्यांचेच नाव, ही स्थिती अनेक घरांत आढळते. सोसायटीकडे नामनिर्देशन असले तरी त्याने वारसांमधील मालकीचा प्रश्न सुटत नाही. तो कागद सामानाच्या बांधाबांधीत सापडण्यापेक्षा सहा महिने आधी सापडणे केव्हाही चांगले. नोंदणीकृत करार हरवला असेल, तर दस्त क्रमांक आणि तारीख हाती असल्यास दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळवता येते.

दुसरा गठ्ठा पैशांचा. जुनी पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, विमा पॉलिसी, कागदी शेअर यांपैकी काहीही ‘जुने झाले’ म्हणून टाकू नये. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या बँक खात्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. पण ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही, मागणी त्या बँकेकडे करता येते. अशा ठेवींचा नावावरून शोध घेण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू झाले. ज्या शेअरवरील लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतलेला नाही, ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तेथूनही ते रीतसर परत मागता येतात.

उरलेला तिसरा गठ्ठा बहुधा सर्वांत मोठा असतो : जुनी विजेची बिले, बंद पडलेल्या उपकरणांची हमीपत्रे, लग्नपत्रिका. हा बिनदिक्कत रद्दीत जाऊ शकतो. फक्त खाते क्रमांक, ओळखपत्रांच्या प्रती आणि सह्या असलेले कागद फाडून द्यावेत. निवडलेले कागद स्कॅन करून पाणी न शिरणाऱ्या एकाच पेटीत ठेवावेत आणि ती पेटी टेम्पोत न चढवता स्वतःबरोबर न्यावी. २६ जुलै २००५ चा महापूर अनुभवलेल्या कल्याण परिसराला कागद उंचावर आणि कोरडे ठेवण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

भांडी, कपडे, पुस्तके

तांब्या-पितळेची भांडी हा जिव्हाळ्याचा विषय. घंगाळ, पातेली, समया यांतील वापरात येतील तेवढी ठेवावीत, नातेवाइकांना विचारून काही द्यावीत आणि उरलेली मोडीत काढताना दोन-तीन ठिकाणी वजन व भाव पाहावा. बोहारणीला जुन्या साड्या देऊन भांडे घेण्याची पद्धत म्हणजे आपल्याकडचा जुना पुनर्वापरच होय. सुती साड्यांची गोधडी होते. फाटके, डागाळलेले कपडे मात्र ‘दान’ म्हणून कोणाच्या माथी मारू नयेत.

पुस्तकांच्या बाबतीत हा परिसर भाग्यवान आहे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुढाकाराने पुस्तक आदान-प्रदान सोहळे भरले. आपले वाचून झालेले पुस्तक द्यावे आणि दुसऱ्याचे घ्यावे, ही त्यामागची साधी कल्पना. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. घरात जुनी, दुर्मीळ पुस्तके किंवा नियतकालिकांचे अंक निघाले, तर किलोच्या भावाने देण्यापूर्वी अशा संस्थांकडे चौकशी करावी.

कचरा कोठे जातो?

घराबाहेर गेलेली वस्तू नाहीशी होत नाही. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीचा धूर आणि दुर्गंधी शहराने वर्षानुवर्षे सोसली. तेथे कचरा टाकणे २०२१ मध्ये बंद झाले. घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करणे २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केले. बंद पडलेले मोबाइल, चार्जर, संगणक अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावेत आणि देण्याआधी त्यांतील माहिती पुसावी. आणखी एक सवय टाळायला हवी. माळ्यावरून उतरवलेला पसारा ‘तात्पुरता’ म्हणून जिन्यात येतो. आग लागली तर तोच जिना सुटकेची एकमेव वाट असतो.

ज्यांचे घर, त्यांचा शब्द

या सर्व खटाटोपात सर्वाधिक जपावे लागते ते घरातील ज्येष्ठांना. मुलांना जी अडगळ दिसते ती आईच्या दृष्टीने पहिल्या पगारात घेतलेली शिलाई मशीन असते. त्यांच्या पाठीमागे वस्तू हलवल्या, तर घराआधी विश्वास मोडतो. त्यापेक्षा रोज एक कप्पा, सकाळचा एक तास, आणि ‘ठेवायचे, द्यायचे, टाकायचे, नंतर ठरवायचे’ असे चार ढीग हा मार्ग सोपा. ‘नंतर’च्या ढिगाला मात्र एकच खोका आणि एक निश्चित तारीख असावी. मोठ्या वस्तूचे छायाचित्र काढून, तिची हकीकत लिहून ठेवली तर वस्तू सोडणे पुष्कळदा सुसह्य होते. छायाचित्रांचे आल्बम शेवटी, सर्वांनी एकत्र बसून पाहावेत. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालावा आणि त्यातील सामानाची यादी एका वहीत लिहावी.

दिवाळीपूर्वी घर झाडून, माळा काढून स्वच्छ करण्याची आणि लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करण्याची रीत आपल्याकडे आहेच. ज्या सोसायटीत पुनर्विकासाची नुसती चर्चा सुरू आहे, तेथील रहिवाशांनी यंदाच्या साफसफाईत निदान कागदांची पेटी तरी खाली काढावी. तारीख फलकावर लागल्यानंतर हमाल मिळतात, टेम्पो मिळतो. शांतपणे विचार करायला लागणारा वेळ तेवढा मिळत नाही.