पहिलीच्या आठवड्याचा हिशोब कोण मागणार?

पहिलीचा वर्ग 2025 साली महाराष्ट्रात अडीच महिने गाजला. 16 एप्रिलला शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, 17 जूनला शब्द फिरवून नवा निर्णय काढला आणि रान पेटल्यावर 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. आम्हीही त्या सक्तीच्या विरोधातच होतो. सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर तिसरी भाषा ठेवणे चूकच होते. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. भाषा दोन असोत की तीन, शिकवणारा माणूस आठवड्यातून किती वेळ पहिलीच्या वर्गात असतो?

उत्तर पुस्तकात सापडणार नव्हते. म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये आम्ही कोर्टाच्या तारखा सहकाऱ्यांवर सोपवल्या आणि परवानगी घेऊन मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सोमवार ते शनिवार मागच्या भिंतीला टेकून बसलो. गावाचे नाव देत नाही. तेथील बाईंवर कारवाई व्हावी हा आमचा हेतू नाही, उलट त्यांच्यासारख्या बाई आम्हाला पहिलीत मिळाल्या असत्या तर आमचे अक्षर तरी बरे झाले असते. शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. गुरुजींकडे तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकाचा कारभार, बाईंकडे पहिली-दुसरी एकाच खोलीत. पहिलीत 14 मुले, त्यातील 9 आपल्या वस्तीतील. ज्यांच्या हाती चार पैसे आले त्यांची मुले सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमचा मुलगाही तसल्याच गाडीने गेला.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 21-अ आला, त्यावर 2009 चा शिक्षण हक्क कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. या कायद्याला एक परिशिष्ट आहे. कलम 12 सर्वांना पाठ असते, हे परिशिष्ट कोणी वाचत नाही. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन झाले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे दिवसाला 4 तास, आणि सहा दिवसांचा आठवडा धरला तर 24 तास. ही कुणाची मेहरबानी नव्हे, मूलभूत हक्काचे माप आहे.

सोमवारी बाई वर्गात होत्या. परिपाठ झाला, मुलांनी संविधानाची प्रास्ताविका खणखणीत म्हटली. पहिलीच्या मुलांना तिचा अर्थ कळायला अजून अवकाश आहे, पण बोबड्या उच्चारातली ती प्रास्ताविका ऐकताना आमच्यासारख्या वकिलाचाही गळा दाटून आला हे कबूल करतो. नंतर अक्षरे. आमच्या वेळी अ पासून ज्ञ पर्यंत घोकंपट्टी होती. आता ज्या अक्षरांचे लगेच शब्द होतात ती आधी घेतात. क, म, ल आले की कमल झाले, काना आला की माल आणि काम झाले. तिसऱ्या अक्षरालाच आपण वाचतो आहोत हे मुलाला कळते आणि त्याचा चेहरा बदलतो. मग चिंचोके निघाले. दहा-दहाचे ढीग, उरलेले सुटे. ज्या मुलीचा आवाज सकाळपासून फुटला नव्हता, तिने तीन ढीग आणि चार चिंचोके पाहून 34 म्हटले. बाईंनी तिला शाबासकी देऊन थांबवले नाही, कसे मोजलेस ते सांग म्हणाल्या. शिकवणे म्हणतात ते हेच.

मंगळवारी बाई केंद्रशाळेत बैठकीला. गुरुजींनी चारही वर्ग एकत्र बसवले. चौथीला गणित घातले आणि पहिलीला चित्र काढा म्हणाले. चित्र अर्ध्या तासात संपले. उरलेला दिवस पहिलीने एकमेकांच्या पाटीवर पाणी टाकण्यात घालवला. बुधवारी बाई आल्या, पण दुपारी ऑनलाइन माहिती भरायची होती. आधारचा एक आकडा जुळत नव्हता आणि खोलीत रेंज नव्हती, म्हणून त्या मोबाईल घेऊन देवळाच्या पायरीवर गेल्या. शाळा सुटेपर्यंत तेथेच होत्या.

गुरुवारची गोष्ट मात्र आम्ही कधी विसरणार नाही. व अक्षर आले. बाईंनी विळ्याचे चित्र दाखवून हे काय, असे विचारले. वस्तीतला एक मुलगा सर्वांत आधी ओरडला, "इळा!" दुसरीची दोन मुले फिदीफिदी हसली. आमच्या लहानपणी अशा वेळी छडी बसायची, आणि छडीपेक्षाही, तुमच्यात असेच बोलतात, हे वाक्य बसायचे. त्या एका वाक्याने कित्येक पोरे कायमची गप्प झाली. बाईंनी फळ्यावर विळा लिहिले, त्याच्या शेजारी इळा लिहिले, आणि म्हणाल्या, "घरी इळा, पुस्तकात विळा. आणि बघा, याने आपल्याला इ पण शिकवला." तो मुलगा दिवसभर इ काढत होता. मुलाला शक्यतो मातृभाषेतून, भीतीमुक्त वातावरणात शिकवावे असे कलम 29 सांगते. कलम 29 चे इतके चांगले भाष्य आम्ही कोणत्याही निकालपत्रात वाचलेले नाही.

शुक्रवारी गुरुजी पंचायत समितीत, म्हणून चारही वर्ग बाईंकडे. शिवाय खिचडीचे धान्य मोजणे, नोंद घेणे, सही करणे हेही त्यांच्याच गळ्यात. नोव्हेंबर 2023 मध्ये शासनाने आठवड्यातून एक उकडलेले अंडे देण्याचे ठरवले होते. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी बंद केला आणि लोकसहभागातून पाहा असे सांगितले. ज्या वस्तीतले लोक रोजंदारीवर जातात त्यांनी सहभाग कशाचा द्यायचा? आम्ही बसलो त्या आठवड्यात अंडे नव्हते. शनिवारी सकाळची शाळा. 2024 पासून हा आनंददायी शनिवार आहे, दप्तराला सुट्टी. गोष्ट झाली, गाणे झाले, चिखलाचे बैल झाले. पोळ्याला अजून वेळ होता, पण बैल तयार.

आमच्या वहीत घड्याळ लावून नोंद आहे. बाई प्रत्यक्ष पहिलीच्या मुलांना शिकवत होत्या तो वेळ आठवड्यात साडेनऊ तास. कायद्याचे माप 24. हा एका शाळेचा एका आठवड्याचा हिशोब आहे. त्यावरून राज्याचा निष्कर्ष काढण्याइतके आम्ही भोळे नाही. पण ही चोरी कोणत्या हाताने होते हे त्यातून दिसते. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. मग बैठका आणि ऑनलाइन माहिती कशी देता येते? कार्यालय म्हणते, ते काम शैक्षणिकच आहे. पळवाट शोधण्यात कार्यालयाने आम्हा वकिलांनाही मागे टाकले आहे.

आणखी दोन गोष्टी वहीत आहेत. वस्तीतली मुले एकत्र येतात आणि दाराजवळ एकत्र बसतात. कोणी बसवलेले नाही. विचारले तर म्हणतात, आमची जागा हीच. पिण्याच्या पाण्याच्या नळाला सर्वांचा हात लागतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण सहा दिवसांत झाडू चार वेळा दाराजवळच्याच मुलांच्या हातात गेला. तोही कोणी दिला नाही, जवळ होते म्हणून उचलला. कोर्टात याचा पुरावा काय देणार? 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा आंबेडकर नावाच्या मुलाचे नाव पहिली इंग्रजीत दाखल झाले. शाळेच्या त्या दिवसांत बसायला गोणपाट त्याला घरून न्यावे लागे. गोणपाट गेले, कोपरा उरला. बाईंना हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या. शनिवारी त्यांनी वर्ग गोलात बसवला आणि झाडूची पाळी फळ्यावर लिहिली. पहिले नाव सरपंचाच्या पुतण्याचे होते.

बरे, हे साडेनऊ तासही वर्षभर मिळत नाहीत. दसरा झाला की मुकादमाच्या टोळ्या निघतात. नऊपैकी चौघांचे आईबाप ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण सहा वर्षांचे लेकरू आईला सोडून राहत नाही. मग हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचे आणि कारखान्याच्या पट्ट्यात शाळा मिळेल म्हणायचे. दिवाळीपूर्वी जेमतेम जोडशब्दांपर्यंत आलेले मूल पाडव्याला परत येते तेव्हा त्याला पुन्हा कमलपासून सुरुवात करावी लागते. पुढच्या जूनमध्ये ते दुसरीत बसते, कारण नापास करता येत नाही. दुसरीतून तिसरीत. आठवीत त्याला अर्ज लिहिता येत नाही, तेव्हा आपण शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन त्याच्या दारात जातो.

12 मार्च 1927 रोजी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या 100 मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोचतात, उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेत जातात, हा हिशोब त्यांनी सरकारपुढे ठेवला. शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसुली, हेही सुनावले. तारीख नीट पाहावी. त्यानंतर आठच दिवसांनी, 20 मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर उतरले. तळे आपल्या लक्षात राहिले, 82 मुले राहिली नाहीत.

फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने अधिसूचना काढून खाजगी शाळांतील 25 टक्के जागांना कात्री लावली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आपल्या कार्यकर्त्यांनी पेढे वाटले, योग्यच केले. पण गाडीत न बसणारी नऊ मुले त्या निकालाच्या बाहेर आहेत. आम्ही वीस वर्षे जात पडताळणी, शिष्यवृत्ती, अनुशेष यांची प्रकरणे लढवली, आणि एकदाही एखाद्या शाळेचे परिशिष्टाप्रमाणे किती तास भरले, असा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला नाही. अर्जाला खर्च दहा रुपये होता.

ऑगस्टमध्ये त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची सभा झाली. कलम 21 प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात, वंचित घटकांना प्रमाणात जागा हवी. कागदावर सर्व बरोबर होते. प्रत्यक्षात वस्तीतून एकच बाई आल्या, चिंचोके मोजणाऱ्या मुलीची आई, त्याही मजुरी बुडवून. विषय होता कुंपणाच्या भिंतीचा. तो संपल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "पोरीची हजेरी तुम्ही रोज लावता. मंगळवारी बाई न्हवत्या, त्याची हजेरी कोन लावतंय?"

सभेत शांतता पसरली. अध्यक्ष म्हणाले, हा विषय पत्रिकेवर नाही. गुरुजी खाली पाहू लागले. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या वर्गाच्या बाईंनी इतिवृत्ताची वही स्वतःकडे ओढली, पेनाचे टोपण काढले आणि विचारले, "तुमचे पूर्ण नाव सांगा, ताई. प्रश्न तुमच्या नावाने लिहिते."